क, ख आणि पोस्टमास्तर

तीस वर्षं लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवणारा माणूस कुणालाही काहीही समजावून सांगू शकतो, असं सलूनवाल्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे कायदा शिकणारी त्यांची लेक तोंडी परीक्षेत दोनदा आपटली, तेव्हा त्यांनी जाहीरच करून टाकलं, "या खेपेला तुझी तयारी मी करून घेणार!"

परीक्षा उद्यावर आली होती. शेवटची संधी, ही हुकली की वकिलीचं नाव काढायला नको. लेक सलूनच्या बाकावर पुस्तक उघडून बसली होती. खुर्चीत पोस्टमास्तर होते. तोंडावर गरम टॉवेल, त्यामुळे बहुधा डुलकीत.

"बाबा, ऐका. क नावाच्या माणसाने ख वर मूठ उगारली. मारलं नाही, नुसती उगारली. गुन्हा झाला का?"

"का उगारली?"

"ते महत्त्वाचं नाही."

"असं कसं? आधीचं काही भांडण असेल. शेजारी होते का?"

"बाबा! ती खरी माणसं नाहीत हो!"

"बिचारा ख," सलूनवाले हळहळले.

लेकीने कपाळावर हात मारून घेतला. "मूठ बघून ख ला वाटलं, आता मार बसणार. झाला हल्ल्याचा गुन्हा! प्रत्यक्ष हात लागला, की मारहाण. याच दोन गोष्टींत माझी दरवेळी गल्लत होते."

"आणि ख चे डोळे मिटलेले असले तर?"

लेक भराभर पुस्तकाची पानं उलटू लागली. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"थांब, करूनच बघू!" सलूनवाल्यांना राहवेना. "हे पोस्टमास्तर म्हणजे ख. मी क." खुर्चीमागे उभं राहून त्यांनी मूठ उगारली. चेहराही चांगला रागीट केला. मुठीत वस्तरा आहे, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं. "सांग, झाला गुन्हा?"

"नाही! त्यांना दिसतच नाहीये!"

नेमका तेव्हाच टॉवेल घसरला.

पोस्टमास्तरांनी आरशात पाहिलं. डोक्यावर वस्तरा, त्यावर ते तोंड! "मेलो!" म्हणून ते असे उसळले, की त्यांचं टाळकं सलूनवाल्यांच्या नाकावर आदळलं. मग गळ्यातल्या कापडासकट त्यांनी जी धूम ठोकली, ती थेट पोस्टापर्यंत!

सलूनवाले नाक धरून मटकन खाली बसले. "अगं, हे काय झालं?"

"मारहाण!" लेक ओरडली. "नाही, थांबा! त्यांनी जीव वाचवायला धडपड केली, म्हणजे ते निर्दोष. तुम्हाला त्यांना घाबरवायचंच नव्हतं, म्हणजे तुम्हीही निर्दोष!"

"मग माझं नाक कोणी फोडलं?"

"कायद्याने बघितलं तर... कुणीच नाही! बाबा, मला कळलं!" तिचा चेहरा असा उजळला, की सलूनवाल्यांना धड कण्हताही येईना.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी नेमका हल्ला आणि मारहाण यांतला फरक विचारला. लेकीने टॉवेलपासून नाकापर्यंत सगळं सांगितलं. परीक्षकांनी चष्मा काढला. "उदाहरण जरा पटेल असं द्यावं. असं कधी घडतं का?"

"पुरावा बाहेर बाकावर बसलाय, सर."

परीक्षक उठून बाहेर आले. पुराव्याचं नाक वांग्याएवढं झालं होतं. परीक्षकांनाही राहवेना. त्यांनी बोट पुढे केलं, सलूनवाल्यांनी घाबरून डोळे घट्ट मिटले, आणि बोट लागलंच.

"आई गं!"

"बोट येताना दिसलं तो हल्ला, लागलं ती मारहाण," लेक एका दमात म्हणाली, "पण दुखवायचा हेतू नव्हता, म्हणून तुम्ही सुटलात, सर!"

परीक्षकांनी तिला उभ्याउभ्या पास करून टाकलं.

दोघं सलूनवर परतले, तर दारात पार्सल. आत ते कापड, घडी घालून. पोस्टमास्तर स्वतः काही आले नव्हते, त्यांनी ते टपालाने पाठवलं होतं.

सलूनवाले ते हातात घेऊन खुर्चीत टेकले आणि आरशात बघू लागले.

"बाबा, फार दुखतंय का?"

"नाही गं. मी विचार करतोय," सलूनवाले नाक चाचपत म्हणाले, "त्या क ने मूठ उगारली तरी का असेल?"