साहेब कपाटाखाली गेले नाहीत

त्या दिवशी सकाळी लॉन्ड्रीवाल्याने एक छोटासा निर्णय घेतला: आईचं ऐकायचं नाही. (यात नवं काही नव्हतं. पण रोज तो निर्णय न घेताच ऐकत नसे. त्या दिवशी मुद्दाम घेतला.)

गच्चीवर हॉटेलच्या साठ पांढऱ्या चादरी वाळत होत्या. संध्याकाळी सहाला त्या पोचवायच्या होत्या. मागच्या खेपेला चार चादरी दमट निघाल्या, तेव्हाच मॅनेजरने बजावलं होतं, "पुन्हा असं झालं तर मशीनवाल्याकडे काम देईन." हॉटेलचं काम गेलं की उरणार शेजाऱ्यांचे शर्ट आणि शाळेचे दोन पडदे.

"अरे, मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढतायत," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "चिमण्याही सकाळपासून धुळीत लोळतायत. चादरी काढ."

"आई, मुंग्यांना काय कळतंय? साहेब बघ, कसे खोलीच्या मधोमध बसलेत!"

साहेब म्हणजे घरातलं कासव. हे नाव वडिलांनी ठेवलेलं, कारण ते उशिरा यायचं आणि आल्यावर काही करायचं नाही. पण पावसाच्या बाबतीत वडिलांचा त्याच्यावर देवापेक्षा जास्त विश्वास. साहेब कपाटाखाली गेले की तासाभरात पाऊस, ही काळ्या दगडावरची रेघ. मग वडील ओरडत, "साहेब खाली गेले, पळा!" आणि अख्खं घर गच्चीकडे धावे. लॉन्ड्रीवाल्याच्या डोक्यावर तेव्हा चादरींचा एवढा ढीग येई, की त्याला पायऱ्याही दिसत नसत. उन्हाने गरम झालेल्या त्या चादरींचा वास, पाठीमागून वडिलांचं हसणं आणि दार लावताच पत्र्यावर वाजू लागलेल्या सरी. त्याहून मोठं सुख त्याला पुढे कधी मिळालं नाही. वडिलांना जाऊन सात वर्षं झाली, तरी साहेबांचा अंदाज एकदाही चुकला नव्हता.

"आकाशात ढग दिसतायत हो," बायको इस्त्री थांबवून म्हणाली.

"दिसू देत. ते साहेबांना विचारून आलेले नाहीत."

अडीच वाजता तो गार फरशीवर जरा लवंडला. पाऊण तासाने आभाळ फाटलं. तो गच्चीवर पोचेपर्यंत वाऱ्याने दोऱ्या तुटून निम्म्या चादरी गच्चीवर साचलेल्या गढूळ पाण्यात लोळत होत्या, उरलेल्या टाकीला मिठी मारून बसल्या होत्या. तो एक उचलायला गेला, दुसरीवरून घसरला आणि तिसरीत गुंडाळला गेला. बायकोने त्याला चादर समजून पिळायला घेतलं. (ती म्हणते, चुकून.)

मॅनेजरने फोनवर जे ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. शेवटी सकाळी आठपर्यंत मुदत दिली, तीही शेवटची. चादरी पुन्हा धुतल्या, घरातले सगळे पंखे लावले आणि दोन इस्त्र्या तापल्या. आई खुर्चीवर बसून घड्या घालू लागली. साहेब अजून मधोमधच होते.

"वडील असते तर काय वाटलं असतं त्यांना!" लॉन्ड्रीवाल्याने इस्त्रीवरून मान वर करून साहेबांकडे पाहिलं. "साहेबांनी पहिल्यांदा दगा दिला."

आईने हातातली घडी खाली ठेवली. "त्याला कशाला बोल लावतोस? या वर्षी माझी कंबर धरलीय. वाकता येत नाही."

"त्याचा काय संबंध?"

"मुंग्या निघाल्या की मीच त्याला उचलून कपाटाखाली सरकवायचे. तुझ्या वडिलांच्या वेळी, आणि ते गेल्यावर तुझ्याही वेळी. ते कासव बिचारं, त्याला ना उन्हाचं कळतं ना पावसाचं."

लॉन्ड्रीवाला इस्त्री चादरीवर टेकवून आईकडे बघतच राहिला. बायकोने ती काढून घेतली म्हणून चादर वाचली.

"इतकी वर्षं कासव सरकवत बसलात? सरळ सांगायचं ना मामंजींना!" बायको म्हणाली.

"सांगितलं की. लग्न झाल्यावर चार वर्षं रोज सांगत होते." आई हसली आणि पदराने डोळे पुसले. "मग बाजारात जाऊन कासव आणलं."

बायकोने नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहिलं. मग खुर्ची ओढून सासूजवळ बसली आणि हळूच विचारलं,

"सासूबाई, मोठ्या आकाराचं मिळेल का हो?"