सारसाला मी पसंत पडले

"डॉक्टरबाई, इथल्या प्राण्यांची लग्नं कोण जमवतं?"

हा प्रश्न मी सगळ्यांसमोर विचारून दाखवावा, म्हणून मैत्रिणींनी मला डिवचलं होतं. वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाल्यापासून कुणी 'तुझ्यात हिंमत नाही' म्हटलं, की माझ्यात ती नको तेवढी येते. त्यात मी वर्गात सगळ्यांत उंच, पाय काटकुळे, टोपणनाव शिडी. विचारून झाल्यावर कुणाच्या मागे लपायचीही सोय नाही.

शाळेची सहल शहरातल्या जुन्या प्राणिसंग्रहालयात आली होती. दगडी कमानीतून आत गेलं, की पणजोबांच्या काळातले लोखंडी पिंजरे. आता रिकामे. पूर्वी त्यात वाघ कसे दिवस काढत असतील ते कळावं, म्हणून माणसांना आत जाऊन उभं राहू देतात. आमच्या वर्गाने आत शिरून असा काही कालवा केला, की बाहेरून जाणारे एक आजोबा नातवाला म्हणाले, "जवळ जाऊ नकोस रे, चावतील."

मला वाटलं, डॉक्टरबाई आता रागावणार. पण प्राण्यांच्या त्या डॉक्टरबाई चक्क खूश झाल्या.

"मीच जमवते! त्यापायीच माझे केस पिकलेत. चला, दाखवते."

जाळीपलीकडे एका छोट्या तळ्याकाठी दोन सारस होते. अंग करडं, डोकं लाल, उंची जवळजवळ माझ्याएवढी. पाणथळ जागा बुजत चालल्यात, सारस कमी होतायत. म्हणून इथे पिल्लं वाढवून बाहेरच्या तळ्यांकाठी सोडायची, असा बेत. त्यासाठी दुसऱ्या प्राणिसंग्रहालयातून नवरी आणली होती. नवरी एका कोपऱ्यात, नवरा दुसऱ्यात.

"ही त्याच्याकडे ढुंकून बघत नाही," डॉक्टरबाई उसासून म्हणाल्या. "सोमवारी तिला परत पाठवावं लागणार. मग कसली पिल्लं नि कसलं काय."

"पण त्याच्यात खोट काय आहे?"

"त्याला माणसांनी हातावर वाढवलंय. त्यामुळे त्याला आपण माणसंही सारसच वाटतो. तेव्हा इथे गप्प उभं राहायचं. हातवारे नाहीत, काही नाही."

गप्प उभं राहणं हा माझ्या अभ्यासक्रमाबाहेरचा विषय.

आमचा गणवेश करडा. कुणी हरवू नये म्हणून शाळेने सगळ्यांच्या डोक्यांवर लाल टोप्या चढवलेल्या. त्या वेशात बाकीच्या मुली मुलीच दिसत होत्या. मी जाळीजवळ गेले, तसं सारसाने मान उंचावली, मला पायांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं आणि पंख पसरून फडफडवले.

आता ढाल मिळाल्यापासून मला एक खोड लागलीय. टाळ्या ऐकल्या की मी कमरेत वाकून अभिवादन करते. ती फडफड मला टाळ्यांसारखीच वाटली. मी वाकले.

सारसही वाकला.

"अय्या, किती संस्कारी!" मी पुन्हा वाकले. त्याने उंच उडी मारली आणि गवताची काडी हवेत उडवली.

"वाकू नकोस!" डॉक्टरबाई धावत आल्या. "अगं, तू होकार देतेयस!"

"कशाला?"

"लग्नाला!"

मागे वर्ग हसून हसून लोळायचा बाकी होता. "मुलगा काय करतो गं?" एकीने विचारलं. "काही करायची गरजच नाही, स्वतःचं तळं आहे!" दुसरीने स्थळाची माहिती दिली.

मी पळाले. तो जाळीच्या आतून माझ्या बरोबरीने पळाला. मी झाडामागे लपले. पण शिडी झाडामागे लपून लपणार किती? "टोपी काढ!" डॉक्टरबाई ओरडल्या. मी घाईघाईत टोपी काढून हलवली. तो हा नाचच समजला आणि दुप्पट उंच उडाला.

तेवढ्यात कोपऱ्यातली नवरी हलली. पंख फुलवून ती तडक माझ्यावर चालून आली. मध्ये जाळी होती, म्हणून तिची चोच माझ्या नाकापासून वीतभर लांब थांबली. मग नवऱ्याकडे वळून तिने अशी खणखणीत साद घातली, की आमच्या बाईंच्या हातातली पाण्याची बाटली पडली.

नवरा दचकला. त्याने माझ्याकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. आणि मान वर करून तिच्या सुरात सूर मिसळला. दोघं नाचायला लागली. मेल्याने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही! खरं सांगते, थोडं लागलंच मनाला.

डॉक्टरबाई मात्र डोळे पुसत होत्या. "आता कुठली सोमवारी पाठवते हिला!" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, रविवारी काय करतेस तू?"

संध्याकाळी बाबा इस्त्री करत होते, आई घड्या घालत होती. मी दोघांच्या मध्ये जाऊन घसा खाकरला.

"आई, बाबा, मी एक निर्णय घेतलाय. सारसांची जोडी अंडी घालेपर्यंत दर रविवारी मी प्राणिसंग्रहालयात काम करणार."

"अरे वा! डॉक्टरांच्या हाताखाली?" बाबांनी इस्त्री उभी ठेवली.

"नाही. नवरीने पुन्हा ढिलं पडू नये, म्हणून जाळीबाहेर. सवत म्हणून."