अण्णांच्या मास्कची शिट्टी

तुमच्या घरात कोण घोरतं, असं विचारलं तर तुम्ही लगेच सांगाल. हसत सांगाल, नक्कलही करून दाखवाल. पण घोरता घोरता ते माणूस मध्येच गप्प होतं, तेव्हा नेमकं काय होत असतं, हे तुम्ही कधी कान देऊन ऐकलंय का?

मी ऐकलं नव्हतं. मला ते लिंबाजीअण्णांमुळं कळलं.

अण्णांची ओळख एका वाक्यात सांगायची तर, हा माणूस कोणतीही वस्तू पाण्यात बुडवल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नाही. ढोकीच्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं पंक्चरचं दुकान आहे आणि दुकानापुढं पाण्यानं भरलेला, अर्धा कापलेला बॅरल. ट्रॅक्टरची ट्यूब त्यात बुडते हे ठीकच. पण शेजारणीची गरम पाण्याची रबरी पिशवी, कुणाचे पावसाळी बूट, बाजारातून आणलेला नवा थर्मास, सगळं आधी बॅरलमध्ये. एकदा त्यांच्या जावयानं मोठ्या कौतुकानं आपला नवा मोबाइल दाखवला आणि म्हणाला, "मामा, पाण्यात पडला तरी याला काही होत नाही." पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. अण्णांनी फोन घेतला, बॅरलमध्ये धरला आणि वाकून बघत राहिले. जावयाचा चेहरा पांढराफटक.

"बुडबुडा न्हाय निघाला," अण्णा फोन धोतराला पुसत म्हणाले. "खरं बोलतुया जावई."

"हवा खोटं बोलत न्हाय," हे त्यांचं पालुपद. आणि दुसरं, "आधी बुडबुडा दाखवा, मग बोला." दुकानासमोरच्या बाकावर कुणी कुणावर आरोप करायला लागला की अण्णा जॅक फिरवता फिरवता एवढंच म्हणतात. निवडणुकीत मी कितीतरी भाषणं ऐकली, त्या सगळ्यांना पुरून उरेल असं हे एक वाक्य आहे.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील चळवळीतले. खळीचा डबा आणि पत्रकांचा गठ्ठा घेऊन ते निघाले की मी मागं. पण चिकटवायला भिंत कोण देणार? ज्याच्या त्याच्या भिंतीला कुणाची तरी भीती. लिंबाजीअण्णांनी आपल्या दुकानाची एक बाजू खुली करून दिली आणि वर सांगितलं, "खुशाल चिकटवा. फाडायला आला कुणी तर पान्हा हाय माझ्याकडं." त्या बाजूला लावलेलं पत्रक कुणी फाडल्याचं मला आठवत नाही. मी लिहायला लागले तेव्हा त्याच पत्र्यावर माझं पहिलं पत्रक लागलं. अण्णांनी चाळिशी लावून ते वाचलं आणि म्हणाले, "पोरी, लई मोठ्यानं लिवतीस. ट्रॅक्टरवाला चा पितुया तवर वाचून झालं पायजे." लिहिण्याबद्दल याहून चांगला सल्ला मला अजून कुणी दिलेला नाही.

तर असे हे अण्णा गेल्या उसाच्या हंगामात भर दिवसा झोपायला लागले. जॅक हातात धरून झोपायचे. सुटे पैसे देता देता झोपायचे. एका दुपारी ट्रॉलीच्या ट्यूबमध्ये हवा भरताना त्यांचा डोळा लागला. कॉम्प्रेसर चालू, ट्यूब फुगतेय, फुगतेय, म्हशीएवढी झाली आणि फुटली. रस्त्यावरचे बैल उधळले. बाकावरची माणसं आडवी झाली. अण्णांनी एक डोळा उघडला आणि विचारलं, "कोन आलंय?"

गावाला हसायला विषय मिळाला. मीही हसले. हसल्या नाहीत त्या सुमनकाकू, अण्णांच्या पत्नी. दुसऱ्या दिवशी त्यांनी अण्णांना एसटीत बसवून धाराशिवला नेलं. मी सोबत गेले.

डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली आणि सांगितलं ते ऐकून माझं हसू आटलं. अण्णांचा गळा झोपेत आतून मिटत होता. घोरणं थांबायचं तेव्हा अण्णांना शांत झोप लागलेली नसायची; तेव्हा त्यांचा श्वासच बंद असायचा. मग शरीर धडपडून जागं व्हायचं, हुंदका देऊन हवा ओढायचं आणि पुन्हा तेच. रात्रभर. "हृदयावर ताण आलेला आहे," डॉक्टर म्हणाले. "आता रोज मशीन लावून झोपायचं. नाकावर मास्क बसेल, मशीन हवा सोडत राहील, गळा उघडा राहील. पण एक लक्षात ठेवा, हवा गळाली तर मशीन लावून उपयोग नाही."

अण्णा पहिल्यांदाच हसले. "डाक्टरसाहेब, हवेचं म्हनताय व्हय? उभा जन्म त्यातच गेला माझा."

परत येताना बसमध्ये मशीनचा खोका मांडीवर घेऊन ते एखाद्या मंत्र्यासारखे बसले होते.

पहिल्या आठवड्यात मास्कनं त्यांचा सगळा रुबाब उतरवला. हवा कडेनं निसटून थेट डोळ्यांत जायची. सकाळी डोळे लालबुंद. कूस बदलली की गालाजवळून असा काही आवाज निघायचा की काकू पदर तोंडाला लावायच्या. मशीनच्या छोट्या पडद्यावर मास्क नीट बसला तर हसरा चेहरा उमटायचा, गळती असली की रडका. रोज रडका. अण्णांनी तो अपमान मनाला लावून घेतला. "माझ्या घरात राहून माझ्यावरच तोंड वाकडं करतंय हे."

त्यांनी चाकाचे नट आवळावेत तसे मास्कचे पट्टे आवळले. नाकावर वण उठला आणि गळती वाढली. मग त्यांनी मशीन चालू ठेवून, मास्कचं तोंड तळहातानं बंद करून त्याला साबणाचं पाणी लावलं आणि त्यांचा चेहरा उजळला. नळी जिथं जोडतात तिथं बारीक बारीक भोकं होती आणि त्यांतून बुडबुडे उसळत होते.

"सापडलं!" ते ओरडले. "मालच खराब दिलाय!"

घासकागद, सोल्यूशन, पॅच. एकेक भोक त्यांनी असं बंद केलं की ट्रॅक्टरची ट्यूब लाजावी. दुपारी आडवे होऊन मास्क लावला आणि थोड्याच वेळात तो उपटून फेकला. "गुदमारलो! अगं सुमन, गुदमारलो!"

पुन्हा धाराशिव. डॉक्टरांनी मास्क हातात घेतला, पॅच बघितला आणि डोक्याला हात लावला. "अण्णा, ही भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. तुम्ही सोडलेला श्वास बाहेर पडायला. ही बंद केली तर तोच श्वास परत आत ओढाल. जिवावर बेतलं असतं."

"भोक पाडून इकत्यात?" अण्णांचा विश्वासच बसेना.

"हो. पाडून विकतात."

"कमाल हाय. आमी जन्मभर बुजवीत बसलो."

काकू मात्र डॉक्टरांनी दिलेल्या नव्या मास्कवरची ती भोकं निरखून बघत होत्या.

डॉक्टरांनी मग आम्हाला पट्टे सैल करायला शिकवलं. आडवं व्हायचं, हवा चालू करायची, मास्क चेहऱ्यापासून जरासा उचलायचा आणि आपोआप बसू द्यायचा. मास्क रोज धुवायचा, चेहऱ्यावरचं तेल पुसायचं, मिशी कापून बारीक ठेवायची. मिशीवर अण्णा थोडे अडले, पण काकूंनी नुसतं बघितलं आणि प्रश्न मिटला. कडेची गळती थांबली. तरीही पडद्यावर रडका चेहरा. सकाळी अण्णांचं तोंड वाळल्या भाकरीसारखं.

"आता हवा तोंडावाटे जातेय," पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले. "नाकानं आत शिरते आणि झोपेत तोंड उघडलं की तिकडून निसटते. हनुवटीला पट्टा लावून बघू. नाहीच जमलं तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क घेऊ."

डॉक्टरांनी दिलेला पट्टा अण्णांना पसंत पडला नाही. त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची रुंद पट्टी कापली, आतून काकूंच्या जुन्या लुगड्याचं मऊ फडकं शिवून घेतलं आणि डोक्यावरून हनुवटीखाली बांधली. दाढ दुखणाऱ्या माणसासारखे दिसत होते. डॉक्टरांनी ओढून बघितलं आणि चालेल म्हणाले. दुसऱ्या दिवशी पडद्यावर हसरा चेहरा आला. अण्णांनी मशीन उचलून बाकावरच्या सगळ्यांना दाखवलं. दुपारी त्यांनी ट्रॉलीची चार टायरं न पेंगता उतरवली. मी त्या आनंदात 'घोरणे हा विनोद नाही' या मथळ्याचं पत्रक लिहून त्यांच्या पत्र्यावर लावलं. "अजून बी लई मोठ्यानंच लिवलंय," अण्णा म्हणाले. पण सुटलेली कड त्यांनी स्वतः सोल्यूशन लावून चिकटवली.

आणि मग काही दिवसांनी रडका चेहरा परत आला.

मी विचारलं तर अण्णा विषय बदलायचे. पट्टी तुटली का? "न्हाय." टोचते का? "न्हाय गं." मग? "तुला काय काम न्हाय का?" माझं डोकं तापलं. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलंय आणि हा माणूस पट्टी खुंटीला टांगून झोपतो! मी ठरवलं, आज जाऊन भांडायचंच.

रविवारची दुपार होती. दार उघडं. अण्णा खाटेवर मास्क लावून झोपले होते आणि गालाजवळून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता, सुईई, सुईई. खाली चटईवर सुमनकाकू. तुरी निवडता निवडता आडव्या झाल्या होत्या, सूप तसंच बाजूला, एक हात सुपात. इतक्या गाढ झोपलेल्या काकू मी कधी बघितल्या नव्हत्या. मी चप्पल वाजवली तरी जाग नाही. बाहेरून ट्रॅक्टर कर्कश गाणं वाजवत गेला तरी जाग नाही.

मी हळूच वाकले, मास्क जरासा उचलला आणि पुन्हा बसू दिला. अण्णांची हनुवटी हातानं वर धरली. शिट्टी थांबली. खोली शांत झाली.

आणि काकू ताडकन उठून बसल्या.

"अवो! अवो!" सूप उपडं झालं, तुरी घरभर. डोळे धड उघडलेही नव्हते तोवर त्यांचा हात अण्णांच्या छातीवर होता, हलवत होता. "उठा! अवो, श्वास घ्या!"

अण्णा जागे झाले. त्यांनी मास्क काढला, काकूंकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बगितलंस?" ते हळू आवाजात म्हणाले. "म्हनून सोडतो थोडी हवा."

मला उलगडायला वेळ लागला. डॉक्टर, तपासणी, मशीन हे सगळं आत्ताचं. त्याआधीची कैक वर्षं अण्णांचं मशीन सुमनकाकूच होत्या. घोरणं चालू असेल तोवर त्या डुलकी घ्यायच्या. ते थांबलं की उठून हलवायच्या. घोरण्यानं त्यांची झोप कधीच मोडली नव्हती. शांततेनं मोडायची. त्या घरात शांततेचा अर्थ एकच होता. मशीन लागलं, गळती थांबली, घर शांत झालं आणि काकूंची उरलीसुरली झोपही गेली.

"पट्टी बांधली की ही रातभर माझ्याकडं बघत बसती," अण्णा म्हणाले. "तोंडातनं, गालातनं जरा शिट्टी वाजली की घोरती माझ्यापरीस मोठ्यानं. साऱ्या मुलखाच्या ट्यूबी बुजवल्या, ही एक गळती म्या ठिवली."

काकूंना हे ठाऊकच नव्हतं. त्या अण्णांकडं बघत राहिल्या, मग एकदम भडकल्या. "आन तुमच्या काळजाचं काय? मला इचारायचं व्हतं की! मला झोप लागावी म्हनून तुमी मरनार व्हय? लई शानं!"

"तसं न्हाय गं…"

"गप बसा. लावा ती पट्टी." त्यांनी स्वतःच खुंटीवरची पट्टी काढून अण्णांच्या हनुवटीला बांधली, मास्क चढवला, मशीन चालू केलं. खोली पुन्हा शांत झाली. काकूंचा चेहरा आक्रसला. मग त्यांनी मला विचारलं, "पोरी, श्वास भाईर पडायची भोकं हीच न्हवं गं? यांनी बुजवलेली?"

मी मान हलवली. काकूंनी त्या भोकांपुढं तळहात धरला आणि डोळे मिटले. अण्णा श्वास सोडत तसा झोत वाढत होता, ओढत तसा ओसरत होता.

"हितं हाय की," काकू म्हणाल्या. "हितं कळतंय समदं."

एक खाटेवर, एक चटईवर असं आता नाही. दोन खाटा शेजारी शेजारी आल्यात. काकू कुशीवर झोपतात, हात त्या भोकांपुढं. मध्ये जाग आली तर तळहातावर श्वास लागतो आणि डोळा परत मिटतो. पडद्यावर हसरा चेहरा असतो. अण्णा बाकावरच्या लोकांना आता सांगतात, "समदी भोकं बुजवायची नसत्यात." आणि कुणी घोरण्याची नक्कल केली की म्हणतात, "आधी बुडबुडा दाखवा." त्यांना काय म्हणायचंय ते मला नीट कळत नाही, पण नक्कल थांबते.

माझ्या पत्रकांना ज्यानं पत्रा दिला, त्याच्याच घरात मला कळलं की कुणीतरी जागं असतं म्हणून कुणीतरी जिवंत असतं. त्या दोघांचे आभार मानायचे तर मोठ्यानं लिहून चालणार नाही. म्हणून चहा संपायच्या आत वाचून होईल एवढंच सांगते.

तुमच्या घरात जो घोरतो, त्याला आज हसू नका. तो मध्येच गप्प होतो का, हे त्याच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा. हो म्हणालं, तर दोघांनाही डॉक्टरकडं घेऊन जा.