जावकबाबूंचा कायमचा मुक्काम

मुलीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं आणि चांगलं कॉलेज नेमकं शेजारच्या राज्यात होतं. बाहेरच्यांसाठी तिथे जागा चार, आणि त्या चारांसाठी रांग चार हजारांची. राज्यातल्या रहिवाशांना मात्र बराच वाव होता. रहिवासी व्हायचं तर अर्जाआधी सलग एक वर्ष तिथे राहायचं. "हात्तिच्या, एवढंच ना?" म्हणत जावकबाबूंनी बदली मागितली. (ऑफिसातून बाहेर जाणारं टपाल नोंदवण्यात एकवीस वर्षं गेल्यामुळे त्यांना सगळे जावकबाबू म्हणत. साहेबांनी ती बदली ज्या उत्साहाने मंजूर केली, त्याबद्दल न बोललेलंच बरं.)

नव्या गावात तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. सामान उतरताच जावकबाबूंनी फर्मान काढलं, "पोरगी होस्टेलवर गेली की आपण परत. लागेल तेवढंच सोडायचं!" सतरा खोक्यांवर त्यांनी जाड शाईने नंबर टाकले आणि प्रत्येकावर लिहिलं, 'जावक. परत नेणे.' भिंतीला खिळा ठोकायची बंदी होती. त्यामुळे आरसा जमिनीवर टेकवलेला असे आणि तिघं उकिडवे बसून भांग पाडत.

जावकबाबूंचा जीव काही त्या घरात रमेना. ते कॅलेंडरवर रोजच्या रोज फुली मारत, खिडकीशी जात, दाराशी येत, पुन्हा खिडकीशी जात.

"अहो, टेका तरी जरा," बायको म्हणे.

"टेकून काय करू? जायचंच आहे."

बायको मात्र तोवर बिल्डिंगमधल्या बायकांना शिवण शिकवू लागली होती. मुलगी कोपऱ्यावरच्या प्राण्यांच्या दवाखान्यात कुत्री धरायला जाऊ लागली होती. जावकबाबू ऑफिसात जात आणि मान खाली घालून घरी येत.

वर्ष भरायला एक आठवडा उरला आणि पत्र आलं. शनिवारी तपासनीस बाई घर बघायला येणार होत्या. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'केवळ शिक्षणापुरते आलेल्यांना दाखला मिळणार नाही. कायम वास्तव्याचा इरादा दिसला पाहिजे.'

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, आपली खोकी!"

आपल्या घाईपायी पोरीचं वर्ष जाणार, या विचाराने जावकबाबूंना जेवण गेलं नाही. पण हार मानतील तर ते जावकबाबू कसले! शनिवारी सकाळी ते हातोडी घेऊनच उठले.

"आज आपण कायमचे राहणार!" त्यांनी जाहीर केलं. सतरा खोकी शेजारीशेजारी लावून त्यांवर चादर टाकली आणि त्याचा दिवाण केला. मग खिळे. आरसा टांगला, घड्याळ टांगलं, मुलीची प्रशस्तिपत्रकं टांगली. टांगायला काही उरलं नाही तेव्हा छत्री टांगली. अकरा खिळे झाले होते.

"अहो, पुरे आता. त्या भिंतीत पाइप आहे," बायको म्हणाली.

"पाइप कुठे असतो ते मला सांगू नकोस," म्हणत त्यांनी बारावा ठोकला, वाकडा गेला म्हणून उपटला, आणि भिंतीतून पाण्याची चिळकांडी थेट त्यांच्या चष्म्यावर आली. त्यांनी भोकावर अंगठा दाबला. त्याच क्षणी बेल वाजली.

"या, या, मॅडम!" भिंतीला चिकटूनच जावकबाबू म्हणाले. "बसा. दिवाण आपलाच आहे."

मुलगी प्लंबरला हाक मारायला खाली धावली. तपासनीस बाई बसल्या आणि एव्हाना रिकाम्या झालेल्या नऊ नंबरच्या खोक्यात कमरेपर्यंत गेल्या. बायकोने त्यांना हात देऊन बाहेर काढलं. चादर सरकली. बाईंनी चष्मा सारखा करून वाचलं, "जावक. परत नेणे." मग दुसरं वाचलं. मग तिसरं. बाई चिकाटीच्या होत्या.

"ते... जुनं लिहिलेलं आहे," जावकबाबू म्हणाले. अंगठा सटकला आणि बाईंच्या कागदांवर शिंतोडे उडाले.

तेवढ्यात मुलीच्या मागोमाग तळमजल्यावरचा प्लंबर आला. "काकू, घाबरू नका, जिन्याखालचा कॉक बंद केलाय," तो म्हणाला. "आणि ताई, आमच्या मांजरीचा पाय बरा झाला बरं का!"

"ही माणसं इथे राहतात?" बाईंनी त्याला विचारलं.

"राहतात म्हणजे? काकूंनी माझ्या बायकोला शिवण शिकवलं. त्या इथून जाणार म्हटलं तर सगळी बिल्डिंग आडवी पडेल." मग त्याने भिंत धरलेल्या जावकबाबूंकडे निरखून पाहिलं. "यांना मात्र मी ओळखलं नाही."

जावकबाबू तोंड उघडणार होते. पण बायकोने डोळे वटारले, आणि पोरीच्या भल्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तोंड मिटून ठेवलं. बाई काहीतरी लिहून निघून गेल्या.

त्यानंतरचे आठ दिवस जावकबाबूंनी खिडकी ते दार एवढ्या फेऱ्या मारल्या, की खालच्या बिऱ्हाडाने तक्रार केली.

नवव्या दिवशी दाखला आला. मुलगी नाचतच वाचू लागली. "आई आणि मी, दोघींना कायम रहिवासी ठरवलंय! मला अर्ज करता येईल, बाबा!"

जावकबाबूंचे डोळे भरून आले. चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "आणि माझं नाव?"

मुलगी वाचता वाचता थांबली. बायकोने कागद घेतला आणि खालचा शेरा मोठ्याने वाचला. "भेटीच्या वेळी घरात एक पाहुणे आढळले. त्यांच्या सामानावरून ते लवकरच परत जातील असे दिसते."

तिने कागदाची नीट घडी घातली आणि पदराने हसू पुसत विचारलं, "मग, पाहुणे, कधी निघताय?"