मिठाईच्या पोटकलमावर पंतांची स्वारी

श्री. लक्ष्मणपुरी ऊर्फ लखनऊ शहरी, गोमतीतीरी, जे युद्ध जाहले त्यात तोफ डागली नाही, घोडा खिंकाळला नाही, रक्ताचा थेंबही सांडला नाही; परंतु एक पोटकलम धारातीर्थी पडले. ऐसे प्रसंग वेळीच लिहोन न ठेविले तर ऐकीव गोष्टींस पाय फुटतात. यास्तव जाणत्यांस पुसोन, कागद ताडोन, पदरचे काही न घालता, घडले तैसे वृत्त लिहिले असे. सज्जनी अवधान द्यावे.

राजश्री पंढरीनाथपंत टेंबेकर, मूळ मुक्काम वाई, हल्ली वस्ती जानकीपुरम, हे औषधसंशोधनाच्या सरकारी संस्थेत एकतीस वर्षे चाकरी करोन सन्मानपूर्वक निवृत्त जाहले. संस्थेत जी यंत्रे, काचपात्रे, रसायने खरेदी होत, त्या खरेदीची मुखत्यारी बहुत काळ पंतांकडे होती. यास्तव दर दिवाळीस व्यापाऱ्यांकडोन मिठाईचे डबे चालोन येत, आणि पंत दाराची साखळी न काढिता, फटीतोनच, मुखावरची रेषा न हलविता, ते डबे परत पाठवीत. काजूकतली परत गेली, बालूशाही परत गेली, आणि एके वर्षी सोनपापडी, जी कोणी कोणास परत करीत नाही, तीही परत गेली. वसाहतीत पंतांस 'वापसी साहब' ऐसा किताब पडला. घरी कन्या अंतरा लहानपणी दाराआड उभी राहोन रडे. तिची समजूत काढणे हे काम पंतांच्या कुटुंबाकडे, सौभाग्यवती चंद्रप्रभाबाईंकडे, असे.

ऐसे असता इसवी सन दोन हजार बारा अखेर प्रांतीच्या सरकारांनी शासकीय सदाचार विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, आणि रयतेने हरकती दाखल कराव्या म्हणोन फर्मान काढिले. पंतांनी चष्मा पुसोन मसुदा वाचिला. कलम नऊ उत्तम होते, की कोणाही सरकारी नोकराने भेट घेऊ नये. परंतु त्याखाली एक पोटकलम बिळात सर्प बसावा तैसे बसले होते, की रिवाजाप्रमाणे आलेली मिठाई या कलमात धरिली जाणार नाही. हे पोटकलम कायम राहते तर एकतीस वर्षे परत केलेला एकेक डबा नाहक परत केला ऐसे ठरते, आणि कन्येचे रडणे फुकट जाते. तेव्हा पंतांनी मसलत केली की देह पडो, परंतु हे पोटकलम पडल्यावाचोन राहणे नाही.

अंतरा आता वकिलीचे शिक्षण घेत होती. तिने हरकतीचा अर्ज हिंदीत टंकून दिधला, आणि हरकती ऐकणाऱ्या समितीपुढे सुनावणीचा हुकूम आला तो संक्रांत सरोन नववे दिवशीचा. कूच करते समयी चंद्रप्रभाबाई स्वयंपाकघरातोन बाहेर आल्या आणि तिळाच्या वड्यांची डबी पंतांच्या कोटाच्या उजव्या खिशात घातली.

"अहो, रथसप्तमीपर्यंत कोणी भेटलं आणि तिळगूळ दिला नाही, असं आपल्याकडे होत नाही. शेजारच्या बाजपेयींनाही द्या, वाटेत दिसले तर."

"बाबा, आज सिर्फ़ फ़ाइल लेकर जाओ ना," अंतरेने विनंती केली. "लोग समझेंगे नहीं."

"त्यात समजायचं काय गं? तीळ आहेत," बाईंनी निकाल दिधला. पंतांचे चित्त अर्जात गुंतले असल्याकारणे त्यांनी मान हलविली आणि डबी खिशात राहिली. येथेच पुढील अनर्थाचे बीज पडले.

मग पंत सहा आसनांच्या टेम्पोत नववे होऊन बसले. धुके ऐसे दाट की पुढील वाहनाचा दिवाही दिसेना, आणि टेम्पो डरकाळ्या फोडीत चालला, आणि पुलावर येऊन ठप्प जाहला, आणि पंत खाली उतरोन कानटोपी सावरीत, फाईल उराशी धरोन, पायीच हजरतगंजास चालोन गेले. घटका भरण्यास पाच मिनिटे असता ते समितीच्या दालनी दाखल जाहले.

अध्यक्षस्थानी निवृत्त न्यायमूर्ती निगमसाहेब विराजमान होते. वयोवृद्ध, मितभाषी, गळ्याभोवती लोकरी मफलर. उजवे हाती पेशकार, ते शेजारचेच बाजपेयी, कागद मांडोन बसले होते. बाजपेयींचे त्या पोटकलमावर पुत्रवत प्रेम होते, आणि मसुद्यात ते त्यांच्याच आग्रहाने आले ऐसी वदंता होती. खरे खोटे ईश्वर जाणे.

पंत उभे राहिले आणि सोळा मिनिटे बोलिले. प्रतिपादन केले की लाच ही कधीही लाच म्हणोन घरात येत नाही, ती रिवाज म्हणोन येते. प्रथम पाव किलो येते, मग तिच्या मागोन बिले येतात. बाजपेयींनी आक्षेप घेतला की ऐसे कराल तर प्रांतात सणास अर्थ राहणार नाही. पंत उत्तरले, "बाजपेयीजी, त्योहार घर में मनाइए, दफ़्तर में फ़ाइल निपटाइए." दालनात खसखस पिकली. निगमसाहेबांनी लेखणी उचलिली आणि आज्ञा केली की पोटकलम खारीज लिहावे.

एकतीस वर्षांचे ओझे उतरले. आणि आनंदाच्या भरात मराठी मनुष्याचा पौष मासी जो हात आपसूक खिशात जातो तो गेला, डबी उघडली, आणि पंतांनी वाकोन एक वडी न्यायमूर्तींच्या तळहातावर ठेविली, आणि दुसरी बाजपेयींपुढे केली.

"हुज़ूर!" बाजपेयी खुर्चीतोन उठले. "यह तो गजक है!"

गजक म्हणजे त्या प्रांतीची तिळगुळाची मिठाई. न्यायमूर्तींचा हात उघडाच राहिला.

"खिचड़ी का पर्व तो कब का निकल गया, टेंबेकर साहब," संक्रांतीस खिचडी म्हणणारे बाजपेयी गोड आवाजात वदले. "आज कौन-सा त्योहार है?"

पंत सांगणार होते की ही मिठाई नव्हे, हा आमचा रिवाज. शब्द ओठी आले आणि तेथेच थिजले, कारण ते शब्द पोटकलमाचे होते, आणि पंतांस ते तोंडपाठ होते. लढाई जिंकोन गडाच्या दरवाज्यात पाय अडकावा तैसे जाहले. परत घ्यावी तर दिधलेला तिळगूळ परत घेणे हे चंद्रप्रभाबाईंच्या राज्यात कधी घडले नव्हते. न घ्यावी तर कलम नऊ बुडाले.

मग पंतांनी हात पुढे केला.

"साहब, वापस दीजिए. और कृपया दर्ज करवाइए कि देने वाले ने ख़ुद वापस ली."

न्यायमूर्तींनी वडी परत केली. ती घेताना पंतांच्या कानाच्या पाळ्या तापल्या आणि दृष्टी खाली गेली. एकतीस वर्षे दाराच्या फटीतोन त्यांनी डबे परत केले. परंतु परत घेणाऱ्याचे मुख कैसे होते हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. आज ते मुख त्यांचेच होते.

निगमसाहेबांनी हे सर्व अवलोकन केले आणि पुसिले, "बुरा लगा?"

"बहुत, हुज़ूर. और मैंने यह बहुतों के साथ किया है."

"तो कलम में क्या जोड़ें?"

पंतांनी विनंती केली की भेट परत करावीच, रिवाज असो वा नसो. परंतु परत करणाराने दार पुरते उघडावे आणि दोन शब्द गोड बोलावे. बाजपेयींनी पुसिले की गोड बोलणे कायद्यात कैसे मोजणार. न्यायमूर्तींनी फर्माविले, "लिखिए. नापने वाले बाद में आ जाएँगे."

अहवालातील तेवढेच एक कलम राहिले होते. ते लिहोन जाहले, दस्तखते जाहली, आणि समिती बरखास्त जाहली. पंत जिना उतरोन पायरीवर उन्हाच्या कवडशात कानटोपी घालीत असता मागोन मफलर गुंडाळीत निगमसाहेब आले आणि हात पुढे केला.

"अब मैं किसी समिति का अध्यक्ष नहीं. लाइए."

पंतांचा हात खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"दस्तख़त हो गए?"

"हो गए."

"तीनों प्रतियों पर?"

"अरे भई, तीनों पर!"

तेव्हा पंतांनी वडी दिधली आणि गोड बोलण्याची विनंती केली. वडी कठीण होती. साहेबांनी दाढेने फोडिली, आणि एक बाजपेयींसाठी मागोन घेतली. बाजपेयींनी ती जिन्यावर, इकडे तिकडे पाहोन, मुखात टाकिली.

संध्याकाळी जानकीपुरमी चंद्रप्रभाबाईंनी डबी उघडोन पाहिली आणि पुसिले, "वाटलात ना?" पंत वदले, "वाटला. दोनदा." अंतरेने कपाळास हात लाविला. त्या दिवसापासोन पंतांच्या दाराची साखळी, घंटी वाजली असता, पुरती निघू लागली.

येणेप्रमाणे कलम नऊ निष्कलंक जाहले. मिठाईचे पोटकलम पडले. गोड बोलणे कायम राहिले. विधेयक पुढे मंत्रालयाच्या कपाटी मुक्कामास गेले, ते तेथे अद्याप सुखरूप आहे. पंतांस फत्ते जाहली ती तीन प्रतींवर दस्तखतांनिशी नोंद आहे. जाणिजे. लेखनसीमा.