फळ्यावरचे वडील

नववी 'ब'च्या वर्गातल्या एकूण एक मुलांचे वडील पहाटे पाचला उठत, व्यायाम करत, वर्तमानपत्र वाचत, आईला स्वयंपाकात मदत करत आणि कधीही रागावत नसत. ज्यांचे वडील रात्रपाळी करून सकाळी घरी येत, तेही पाचला उठत. ज्यांचे वडील घर सोडून निघून गेले होते, तेसुद्धा न चुकता व्यायाम करत. कारण इंग्रजीच्या सरांनी 'माय फादर' हा निबंध फळ्यावर तसा लिहून दिला होता. सरांनी लिहायचं, मुलांनी उतरवायचं, घरी जाऊन तेच तीनदा गिरवायचं आणि दुसऱ्या दिवशी बरोबरची खूण घेऊन गप्प बसायचं, ही त्या वर्गाची रीत होती.

मुलं सरांना टिकमार्क सर म्हणत. गृहपाठ तपासताना सर वाचत नसत. वाचण्यासारखं त्यात असणार काय, सगळं त्यांचंच तर होतं. ते नुसतं पान बघत. निबंध अकरा ओळींचा, म्हणून पानावर अकरा ओळी दिसल्या की लाल पेन आपोआप खाली येई. असं बिनबोभाट वर्षानुवर्षं चाललं होतं. आणि मग एके दिवशी एका मुलीच्या पानावर सतरा ओळी निघाल्या आणि पेन हवेतच अडकलं.

या मुलीला घरी 'वकील' म्हणत आणि ते काही उगाच नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी ही आईची उलटतपासणी घेई. सरांनी नाइलाजाने चष्मा लावला आणि बऱ्याच दिवसांनी एका विद्यार्थिनीचं इंग्रजी वाचायला घेतलं. इंग्रजी धडपडत चाललेलं होतं, पण होतं तिचं स्वतःचं. माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, तिने लिहिलं होतं. ते साडेआठला उठतात, तेही आईने पांघरूण ओढल्यावर. ते रागावतात, पण पाच मिनिटांत विसरतात आणि मग आमचीच तोंडं का उतरली आहेत असं विचारतात. ते स्वतः कधीही लिफ्टमध्ये बसत नाहीत. दहावा मजला असला तरी जिन्यानेच जातात.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"माय फादर, सर."

"फळ्यावर हे होतं?"

"नाही, सर. फळ्यावर दुसऱ्या कोणाचे तरी वडील होते."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. सरांचे कान लाल झाले. "फळ्यावरचा निबंध लिहून आणत नाहीस तोवर माझ्या तासाला बाहेर उभं राहायचं," ते म्हणाले. "आणि परीक्षेला हाच येणार आहे. फळ्यावरचा नसेल तर शून्य मिळेल, मग बस नववीतच."

"चालेल, सर," ती म्हणाली आणि दप्तरासकट बाहेर गेली. दप्तर न्यायची काही गरज नव्हती, पण नुसतं हात हलवत बाहेर जाणं तिला कमीपणाचं वाटलं.

खरं दुखणं असं की इंग्रजी हाच तिचा सगळ्यात आवडता विषय होता. भिंतीला टेकून ती आतले धडे ऐकायची, मनातल्या मनात उत्तरं द्यायची आणि वर्गातल्या कोणाला येत नसलं की बाहेर चरफडायची. मैत्रिणी मधल्या सुट्टीत म्हणाल्या, "अगं, लिहून टाक ना. अकरा ओळी तर आहेत." तिने मान हलवली. "माझ्या बाबांना मी पाचला उठवणार नाही," ती म्हणाली. "ते स्वतः उठत नाहीत, मी कोण उठवणारी?"

इथवर प्रकरण शाळेतच राहिलं असतं. पण टिकमार्क सरांच्या पोटात काही राहत नसे. घरी जेवताना त्यांनी सगळं बायकोला सांगितलं, पोरगी किती आगाऊ आहे हे पटावं म्हणून एकेक ओळ पाठ म्हणून दाखवली. त्यांची स्वतःची मुलगीही समोर जेवत होती. तीही नववी 'ब'मध्येच, पहिल्या बाकावर, अक्षर अगदी मोत्यासारखं. फळ्यावरचा निबंध तिने तीनऐवजी चारदा लिहिला होता.

सरांच्या बायकोचा घास मात्र भलत्याच ओळीवर थांबला. "लिफ्टमध्ये बसत नाही? कोण हा? आपल्या इमारतीत येतो तो का?"

"तोच असेल. त्याचं काय?"

"त्याचं काय काय, अहो, तो दुरुस्त करतो आणि स्वतः बसत नाही. आणि आपण दिवसातून चारदा चौथ्या मजल्यावर ये-जा करतो."

झालं. सरांची बायको दुसऱ्या दिवशी जिन्याने उतरली. शेजारीण म्हणाली, लिफ्ट बंद आहे का? ही म्हणाली, बंद नाही, पण. त्या 'पण'ने दुपारपर्यंत सगळे मजले गाठले. संध्याकाळी अख्खी इमारत जिन्यावर धापा टाकत होती आणि लिफ्ट रिकामीच तळमजल्यावर दार उघडून उभी होती. पाचव्या मजल्यावरच्या आजी दवाखान्यातून परतल्या होत्या. त्यांना जिना चढवत नव्हता आणि लिफ्टवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्या सरळ पहारेकऱ्याच्या खुर्चीत बसल्या. "खात्री झाल्याशिवाय मी हलायची नाही," त्यांनी सुनेला बजावलं. "माझा चहा खाली पाठव." पहारेकरी बिचारा उभ्याने पहारा देऊ लागला.

इमारतीच्या सेक्रेटरींनी 'वकील'च्या बाबांना फोन लावला. "रविवारी सकाळी या. सगळ्यांसमोर लिफ्टमध्ये बसायचं आणि वर जाऊन खाली यायचं. नाही जमलं तर काम दुसऱ्याला देतो."

ती इमारत म्हणजे बाबांचं सगळ्यात मोठं काम. तिच्यामागोमाग आसपासच्या इमारतीही गेल्या असत्या. बाबा घरी आले ते तावातावाने. "लिहायला दुसरं काही सापडलं नाही? पांघरुणाचं लिहिलंस, ते ठीक. लिफ्टचं कशाला?"

"मी खोटं लिहिलंय का?"

"खोटं नाही गं. पण सरांना सांग ना, चुकून लिहिलं म्हणून. तुझी शिक्षा जाईल, माझं काम राहील. दोघं सुटू."

'वकील' विचारात पडली. बाहेर उभं राहणं तिला जड जात होतंच, त्यात आता बाबांचा उतरलेला चेहरा समोर होता. तिचे डोळे भरून आले, पण जीभ काही नमली नाही. "तुम्ही एकदा लिफ्टमध्ये बसा," ती म्हणाली. "वाक्य खोटं ठरेल. मी लगेच खोडते."

"बसतो," बाबा म्हणाले. "त्यात काय आहे? दाखवतोच बसून."

"घ्या," आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "बाप तसा, लेक तशी. दोघांची खोड एकच."

रविवारी तळमजल्यावर ही गर्दी. आजींनी खुर्ची पुढे ओढून घेतली होती. टिकमार्क सरही आले होते, मुलीला घेऊन. आता त्या आगाऊ पोरीची चांगली जिरणार, ते आपल्या मुलीने बघावं असा त्यांचा हेतू. बाबा 'वकील'ला घेऊन आले, लिफ्टपाशी गेले आणि त्यांनी एक पाय आत टाकला. दुसरा काही आत येईना. दार मिटायला लागे, पायाला लागून परत उघडे. पुन्हा मिटायला लागे, पुन्हा उघडे. असं बराच वेळ चाललं. कोणी हसलं नाही, कारण बाबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

शेवटी त्यांनी पाय मागे घेतला आणि ते गर्दीकडे वळले. "नाही जमणार," ते म्हणाले. "शिकाऊ होतो तेव्हा एकदा आत अडकलो होतो. तेव्हापासून दार मिटलं की मी गुदमरतो. लिफ्ट चोख आहे. मीच चोख नाही. आणि पोरीने लिहिलंय ते अक्षर अन् अक्षर खरं आहे. तिने काही खोडायचं नाही. काम मला द्या नाहीतर दुसऱ्याला द्या."

बाबांचा इतका अभिमान 'वकील'ला कधी वाटला नव्हता.

"ते सगळं ठीक आहे," सेक्रेटरी म्हणाले, "पण लिफ्ट चोख आहे हे आम्ही कशावरून मानायचं?"

"मी बसते," ती पुढे होऊन म्हणाली. "आणि सर बसतील."

"मी?" सर मागे सरले. "माझा काय संबंध?"

"माझं वाक्य घरोघरी गेलं ते तुमच्याच जेवणाच्या टेबलावरून, सर."

"बसा हो मास्तर," आजी खुर्चीतून म्हणाल्या. "मुलगी बसतेय आणि तुम्ही कसले लाजता?"

आता माघार घेतली असती तर उद्या वर्गात तोंड दाखवायची सोय उरली नसती. तिच्यामागोमाग सर आत शिरले. दार मिटलं. लिफ्ट लोण्यासारखी वर निघाली. पहिला मजला गेला, दुसरा गेला, तिसरा गेला, आणि तेवढ्यात सगळ्या गल्लीची वीज गेली.

अंधारात सरांचा आवाज आला, आणि तो नेहमीपेक्षा बराच वरच्या पट्टीत होता. "काय झालं? पडतोय का आपण?"

"नाही, सर. लाइट गेली. ब्रेक आपोआप लागतो."

"कोणी सांगितलं?"

"बाबांनी."

"बसत तर नाहीत कधी." सरांनी आधाराचा दांडा असावा असं समजून तिची बाही घट्ट धरली होती. "तुला भीती नाही वाटत?"

"थोडी वाटते. पण बाबा जिन्यावर आहेत ना, सर. तेही इथे आत असते, तर आपल्याला बाहेर काढलं कोणी असतं?"

सरांनी बाही आणखी घट्ट धरली.

इकडे वीज जाताच बाबा जिन्याकडे धावले होते. सेक्रेटरी आणि इतर मंडळी पहिल्या मजल्यावर कठडा धरून श्वास घेत होती, तोवर बाबा गच्चीवरच्या, लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत पोचलेसुद्धा. जन्मभर जिनेच चढलेला माणूस तो. त्यांनी मोटारीचा ब्रेक सैल केला आणि चाक हाताने फिरवत लिफ्ट हळूहळू तिसऱ्या मजल्यावर आणली. मग खाली येऊन किल्लीने दार उघडलं. आधी सर बाहेर पडले, मागून मुलगी. हा क्रम मुद्दाम सांगायला हवा.

बाबांनी लेकीला जवळ घेतलं. "घाबरलीस?"

"सर घाबरले," ती म्हणाली.

सेक्रेटरी धापा टाकत वर पोचले. दम लागलेला माणूस निर्णय पटकन घेतो, तसा त्यांनी घेतला. "काम तुमचंच. पण अट अशी, की आमच्या लिफ्टमध्ये तुम्ही कधीच बसायचं नाही." वीज आल्यावर आजीही लिफ्टने वर निघाल्या, पण बाबांना जिन्याने पुढे पाठवूनच.

सोमवारी टिकमार्क सरांनी 'वकील'ला दारातूनच खूण केली. "बस जागेवर," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "तुझा निबंध तसाच राहू दे. परीक्षेतही चालेल. पण बाकीच्यांनी फळ्यावरचाच लिहायचा."

ही एक सवलत सरांना फार महाग पडली. वर्गात त्या दिवशी कुजबुज थांबलीच नाही. हिचे वडील चालतात तर आमच्यांनी काय घोडं मारलं, असा एकूण सूर होता. दुसऱ्या दिवशी टेबलावर गृहपाठाचा ढीग पडला आणि सरांनी सवयीने लाल पेन उघडलं. पहिल्या पानावर पंधरा ओळी होत्या. दुसऱ्यावर वीस. एकावर तर समास सोडून बाजूलाही लिहिलं होतं. अकरा ओळींचा बाप कोणाचाच नव्हता. सरांना बसून वाचावं लागलं. कोणाचे वडील घोरत होते, कोणाचे गाताना दार लावून घेत होते, कोणाचे पगार झाला की गप्प गप्प होत होते. एका पानावर तीनच ओळी होत्या. माझे वडील घरी नसतात. ते कुठे असतात मला माहीत नाही. ते कसे आहेत ते मी विसरत चाललो आहे. तिथे सरांनी पेनाचं टोपण लावून टाकलं.

सगळ्यात खाली मोत्यासारखं अक्षर होतं. माझे वडील इंग्रजी शिकवतात, त्यात लिहिलं होतं. फोनवर कोणी इंग्रजीत बोललं की ते फोन आईच्या हातात देतात आणि आवाज नीट येत नाही असं सांगतात. ते आठला उठतात.

सरांनी मान वर केली. पहिल्या बाकावरून त्यांची मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. ओठ घट्ट मिटलेले, कान लाल. ते लाल कान अगदी बापाचे होते.

सर तिच्या बाकाजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "हे बदलून आण."

"नाही, सर," ती म्हणाली. ती कधी कोणाला नाही म्हणाल्याचं वर्गाला आठवत नव्हतं.

सर टेबलापाशी परत आले. त्यांनी सगळा ढीग नीट रचला, घसा साफ केला आणि खडू उचलला. "ठीक आहे. वडील झाले," ते म्हणाले. "आता पुढचा निबंध घ्या." त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'माय मदर' लिहिलं आणि त्याखाली पहिली ओळ लिहिली. माझी आई पहाटे चारला उठते.

मागे वळून बघितलं तर एकही पेन हललं नव्हतं. 'वकील'सुद्धा हाताची घडी घालून शांत बसली होती. तिला काही बोलायची गरजच पडली नाही, कारण पहिल्या बाकावरून हात वर झाला होता.

"कोणाची, सर?" सरांच्या मुलीने विचारलं.