दोन घमेली माती

"तुमच्या अंगणातलं पानसुद्धा हलणार नाही," असं अविनाशने सुकापूरच्या मुश्ताकभाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं. पान खरंच हललं नाही. फक्त ऐन मेंदीच्या मांडवाखाली, जमिनीतून राखाडी चिखल बुडबुडत वर आला.

अविनाश गॅसची पाइपलाइन टाकणारा इंजिनीअर. रस्ता न खोदता जमिनीखालून आडवं भोक पाडायचं, ही त्याची विद्या. मशीन थांबवून तो धावत आला.

"आज माझ्या फरहाची मेंदी, आणि हा चिखल?" मुश्ताकभाई कडाडले. "हात तरी लावेल का कुणी याला?"

"चाचा, नुसती माती नि पाणी आहे हो. भोक ढासळू नये म्हणून सोडतो आम्ही. मुलतानी मातीची सख्खी बहीण!"

मुश्ताकभाईंच्या बायकोने, ताहिराचाचींनी, हे दाराआडून ऐकलं.

अविनाशची धास्ती वेगळीच होती. ही माती गटारातून गाढी नदीत गेली, तर काम बंद आणि त्याची नोकरीही. चार वाजता पर्यावरण तपासणीच्या सोनम मॅडम यायच्या होत्या. त्याने भोवती वाळूची पोती रचली, माती मोजून वहीत 'दोन घमेली' लिहिलं आणि ती उपसून न्यायला टँकर आणायला पनवेलला पळाला.

परतला तर मॅडम हजर, आणि पोत्यांच्या आत सगळं चाटूनपुसून साफ.

"माती कुठाय? सोडलीत ना गटारात?"

अविनाशच्या पायाखालची जमीन सरकली. या खेपेला ड्रिलचा काही दोष नव्हता.

"गटारात कशाला?" दार उघडून ताहिराचाची आल्या. तोंड राखाडी. मागे फरहा, मावश्या, शेजारणी. एकूण अकरा राखाडी तोंडं. "खुदा कसम, एक थेंब वाया नाय घालवला! आता मोरीवर धुवायलाच निघालो होतो."

"मोरीत नको!" अविनाश किंचाळला. "मोरी गटारालाच जाते, चाची!"

मग टँकरपाशी टब मांडून बायकांची रांग लागली. हसून हसून कुणाला तोंड धुता येईना. परातीत उरलेली माती आणि टबाच्या तळाची धरून मॅडमनी वहीतल्या आकड्याशी ताडून अंदाज घेतला.

"तांब्याभर कमी आहे. मी सही करणार नाही."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. दुपारपासून डोक्याचा पंचा न सोडलेले मुश्ताकभाई खाकरले.

"ताहिरा म्हणाली, डोक्याला थंडावा मिळतो," असं पुटपुटत त्यांनी पंचा काढला आणि राखाडी टक्कल टबावर वाकवलं. फरहाने हसत तांब्याभर पाणी ओतलं, आणि मॅडमनी सही केली.